फाल्गुनातली कानबाई

माझ्या धाकट्या बहिणीला टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेतून दोनदा काढलं. पहिल्यांदा काढलं तेव्हा आम्ही सगळे रडलो आणि चार-आठ दिवसांत सावरलो. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. स्पर्धा म्हटल्यावर कुणीतरी बाहेर पडणार, एवढं देवपुरातल्या आमच्या गल्लीतल्या पोरासोरांनाही कळतं. माझा सगळा राग आहे तो दुसऱ्यांदा काढण्यावर, आणि काढण्यासाठी तिला आधी परत बोलावलं त्यावर.

धाकटी माझ्याहून बरीच लहान. बोलायच्या आधी ती कानबाईची गाणी गुणगुणायची असं आई सांगते. आईचं हे सांगणं मला फारसं खरं वाटत नाही, पण गाणी तिने तिथूनच उचलली यात शंका नाही. आमच्याकडे श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, घरात कानबाई बसते. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला एक नारळ कापडातून बाहेर काढायचा, त्याला डोळे लावायचे, नथ घालायची, केळीच्या खांबांमध्ये पाटावर बसवायचा. सगळे भाऊबंद जमतात, अहिराणी गाणी होतात आणि सोमवारी वाजतगाजत पांझरा नदीवर जाऊन निरोप द्यायचा. नारळ पाण्याला लावून घरी आणायचा, पुन्हा कापडात गुंडाळायचा. मग पुढच्या श्रावणापर्यंत त्याला कुणी हात लावत नाही. पहिलं गाणं आमची फुई, म्हणजे आमच्या वडिलांची, आबांची, थोरली बहीण, उचलायची. तिचा आवाज बसला तेव्हा तिने सरळ धाकटीकडे बोट दाखवलं. धाकटी तेव्हा परकर-पोलक्यात होती. तेव्हापासून आमच्या घरी पहिलं गाणं तिचं.

मोठी झाल्यावर ती जळगावच्या एका शाळेत संगीत शिकवायला लागली. सोमवारी पहाटेच्या एसटीने जायचं, शनिवारी परत यायचं. नोकरी तात्पुरती होती, पण जूनपासून कायम करू, असं मुख्याध्यापिका बाईंनी सांगितलं होतं. त्याच सुमाराला तिची त्या स्पर्धेत निवड झाली. बाईंनी आनंदाने बिनपगारी रजा दिली, वर्गातल्या पोरींनी तिला कार्डं करून दिली, आणि आमच्या चौकात तिचा हसरा चेहरा असलेलं मोठं फ्लेक्स लागलं. गल्लीत ज्याच्या घरी दोन फोन होते त्याने दोन्हींवरून मतं दिली.

तिथे ती बरी गायली. एका भागात तिने अहिराणी गाणं म्हटलं तेव्हा परीक्षकांना म्हणे मातीचा सुगंध आला. आम्ही त्या मातीत जन्म काढला, आम्हाला कधी आला नाही, पण असो. काही आठवड्यांनी तिची मतं कमी पडली. सगळ्यांनी तिला मिठ्या मारल्या, परीक्षकांनी डोळे पुसले, तिने मंचाला वाकून नमस्कार केला आणि ती घरी आली.

त्या येण्याची मला फार आठवण येते. आबा स्कूटर घेऊन स्टँडवर गेले होते. घरात पाऊल टाकल्या टाकल्या तिने शेवभाजी मागितली, दोन भाकरी खाल्ल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपली. उठून पुन्हा थोडी रडली. नंतर एका सकाळी ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती आणि गुणगुणत होती. मी काहीतरी बोलणार तेवढ्यात आईने खुणेने मला गप्प केलं, आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात भाजी तशीच टाकून ऐकत बसलो. हरलेलं माणूस असं घरी येतं. रडतं, जेवतं, झोपतं आणि एके दिवशी कपडे वाळत घालताना गायला लागतं. सोमवारी शाळेत रुजू व्हायचं ठरलं. तिने बॅग भरली, पोरींसाठी गोळ्या-चॉकलेटं घेतली.

शनिवारी दुपारी फोन आला. पलीकडे फार गोड बोलणारी एक मुलगी होती. ती म्हणाली की लोक तुला विसरलेले नाहीत, कार्यक्रमात एक मोठं वळण येणार आहे, बाहेर गेलेल्यांपैकी एकाला वाइल्ड कार्डने परत घ्यायचं आहे आणि यादीत तुझं नाव आहे. नक्की काही नाही. कधी तेही नक्की नाही. मात्र तयार राहायचं, केस कापायचे नाहीत, फोन बंद ठेवायचा नाही आणि कुणाला सांगायचं नाही.

धाकटीने फोन ठेवला. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून आईने देवापुढे साखर ठेवली. मी मात्र तिने शाळेसाठी भरलेल्या बॅगेकडे पाहिलं.

सोमवारी ती जळगावला गेली नाही. आजारी आहे असं शाळेला कळवलं, कारण खरं सांगायची बंदी होती. पुढच्या सोमवारीही तेच. बॅग दाराशी भरलेलीच होती, फक्त आतली पाठ्यपुस्तकं निघून चमकीचे ड्रेस आले. आंघोळीला जाताना ती फोन आईच्या हातात देऊन जायची. गावाकडे लग्न होतं, तिथे रेंज नसते म्हणून ती आली नाही. गच्चीवरचं गुणगुणणं थांबलं होतं. आता ती दार लावून रियाज करायची, आणि त्या रियाजात एक घाई होती जी मी तिच्या गळ्यात याआधी कधी ऐकली नव्हती.

त्या दिवसांत मी तो कार्यक्रम फार बारकाईने पाहिला. आधी मी असल्या गोष्टींना नाकं मुरडायची, पण आता आमचंच माणूस त्यात लटकलेलं होतं. वाइल्ड कार्डाची घोषणा झाली आणि सगळा खेळ बदलला. पूर्वी कुणी बाहेर पडलं की चटका बसायचा. आता निरोपाची गाणी वाजायची, सगळे रडायचे, आणि आमच्या शेजारच्या काकू शेंगा सोलत म्हणायच्या की येईल परत, बघा. निरोप खोटा झाला होता. आत राहिलेली पोरं मोकळी गात नव्हती, कारण ज्याला त्यांनी हरवलं तो दाराबाहेरच उभा होता. ती एकमेकांना पाण्यात पाहायला लागली होती. आणि बाहेर पडलेली पोरं घरी पोचतच नव्हती. यात वाहिनीचा काय फायदा, ते मला आमच्या गल्लीतच कळलं. धाकटी बाहेर पडली त्या आठवड्यात गल्लीतल्या लोकांनी तो कार्यक्रम बघणं सोडलं होतं. वाइल्ड कार्डाची बातमी आली तशी सगळ्यांच्या घरी पुन्हा त्याच वेळेला तेच संगीत वाजायला लागलं. आमच्यासारख्या किती गावांना त्यांनी आशेला लावून ठेवलं असेल, देव जाणे.

फाल्गुनात त्यांची माणसं घरी आली. परत येऊ पाहणाऱ्या प्रत्येकाच्या घरची छोटी फिल्म करायची होती. टोपी घातलेली एक तरुण बाई सगळ्यांची प्रमुख होती. स्वभावाने चांगली होती, आईच्या पाया पडली, ताकाचे दोन ग्लास प्यायली. तिने घर पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. आमच्या घरात दाखवण्यासारखं काही नाही. टाइल्स आहेत, प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत, फ्रिजवर क्रोशाचं कापड आहे. तुमच्याकडे काही खास सण असतो का, असं तिने विचारलं. धाकटी उत्साहाने कानबाईचं सांगत सुटली. नारळ, नथ, केळीचे खांब, पहिलं गाणं. बाईचे डोळे चमकले. मग तेच करूया ना, ती म्हणाली.

श्रावणाला चार-पाच महिने अवकाश होता. फुई कोपऱ्यात गादीवर बसली होती. तिला वाटलं आपल्याला ऐकू कमी येतं म्हणून चुकीचं ऐकलं. आबांनी जवळ जाऊन समजावलं तेव्हा ती त्यांच्याकडे बघत राहिली.

"माय श्रावणमा येस," फुई म्हणाली. "मधमा बलावतंस नही तिले."

"अक्का, पोरनं काम शे," आबा खालच्या आवाजात म्हणाले.

"पोरनं शे म्हनीसन सांगस." पोरीचं आहे म्हणूनच ती अडवत होती.

पण आबांनी तोवर ठरवलं होतं. सुतक असलं तर कानबाई बसवत नाहीत, भाऊबंदांत कुणी रुसलेला असला तर त्याला मनवल्याशिवाय बसवत नाहीत, एवढं सगळं पाळणारा हा माणूस. त्याच माणसाने त्या दिवशी स्टूल घेतलं, माळ्यावरचा डबा काढला आणि कापडाची गाठ सोडली. मी त्यांच्यावर चिडले नाही, आजही चिडत नाही. पोरीच्या परत जाण्यासाठी काहीही करायला तयार असलेल्या बापाला ती माणसं भेटली, एवढंच झालं.

जामनेरकडच्या नातेवाइकांनी रातोरात केळीचे खांब पाठवले. शेजारणी नऊवारी नेसून आल्या. आईने पुरण घातलं. रोटाचा, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांचा, गहू मात्र फुईने मोजू दिला नाही. कानबाईचे रोट घरच्या भाऊबंदांनीच खायचे असतात, ते या परक्यांसमोर होणार नाहीत, यावर ती अडून बसली. त्यामुळे आईने साध्या पोळ्या केल्या आणि हेच रोट म्हणून सांगितलं. मंडळींनी त्या आवडीने खाल्ल्या.

मग गाणं. धाकटी पाटासमोर बसली, डोळे मिटले आणि पहिली ओळ म्हटली. माझ्या अंगावर काटा आला, कारण आवाज खराच होता, फाल्गुनातही खराच होता. ओळ संपली आणि टोपीवाली बाई म्हणाली, छानच, पण परत एकदा, पंख्याचा आवाज येतोय. पंखा बंद केला. दुसऱ्यांदा शेजारी कुकरची शिट्टी झाली. तिसऱ्यांदा उजेड कमी पडला. मग धाकटीने ओळ म्हणताना आईकडे बघायचं होतं, मग आईने डोळ्याला पदर लावायचा होता, मग आईने जरा उशिरा लावायचा होता. घामाने सगळ्या बायकांचं कुंकू ओघळलं. शेवटी शेवटी तर धाकटीच ओळ संपली की कॅमेऱ्याकडे वळून विचारायची, "परत म्हणू?"

फुईने तोंड भिंतीकडे केलं होतं.

विसर्जनाचंही त्यांना हवं होतं. पण फाल्गुनात पांझरेत काय असतं? पुलाखाली एक डबकं होतं, त्यात पिशव्या तरंगत होत्या. दोघं जण जाऊन बघून आले आणि म्हणाले की हे नकोच. त्यांनी दिवे आवरले, वायरी गुंडाळल्या, सगळ्यांचे आभार मानले आणि गाडीत बसून गेले. आणि मग आमच्या लक्षात आलं की कानबाई बसली आहे आणि तिला निरोप कसा द्यायचा हे कुणालाच माहीत नाही. वाजंत्री नाही, नदी नाही, सोमवार नाही. ती तशीच पाटावर, नथ घालून, डोळे उघडे ठेवून आमच्याकडे बघत होती. कुणाला समोरून उठवेना. शेवटी आबांनीच तिचे डोळे काढले, नथ उतरवली आणि नारळ कोरडाच कापडात बांधला. त्या दिवशी आमच्या घरात जेवण कुणाला गेलं नाही.

पुढच्या आठवड्यात धाकटी गेली. तो भाग आम्ही सगळ्यांनी एकत्र पाहिला, फुई सोडून. बाहेर पडलेले पाच-सहा जण एका ओळीत उभे होते. प्रत्येकाच्या घरची फिल्म दाखवली. आमची सुरू झाली तशी गल्लीत टाळ्या पडल्या. आबांचे हात दिसले, आईचा पदर दिसला, कानबाईचा चेहरा क्षणभर दिसला. गाणं ऐकू आलं नाही. त्यावर त्यांनी स्वतःचं संगीत लावलं होतं. जी ओळ तिने घसा सुकेस्तोवर म्हटली होती तिचा एक शब्दही ऐकू आला नाही.

निकाल जाहिरातींच्या मध्ये ताणून ताणून सांगितला. दुसऱ्या जिल्ह्यातला एक मुलगा परत आला. तो गुडघ्यांवर कोसळला, त्याची आई धावत आली, सोनेरी कागद उडाले. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या, कारण त्यांना वाजवायला सांगितलं होतं. कॅमेरा धाकटीच्या चेहऱ्याजवळ गेला आणि तिथेच थांबला. ती हसत टाळ्या वाजवत होती. मला टीव्ही फोडावासा वाटला. सूत्रसंचालक म्हणाला की दार अजून बंद झालेलं नाही.

हे शेवटचं वाक्य बोलले नसते तर मी त्यांना माफ केलं असतं. पुढे धाकटीने मला सांगितलं की मागच्या बोळात त्या गोड मुलीनेही तिच्या खांद्यावर हात ठेवून तेच सांगितलं. फायनलच्या आधी आणखी एक सरप्राइज असू शकतं, फोन चालू ठेव. हे असं भिजत घोंगडं त्यांनी आमच्या पोरीच्या अंगावर टाकलं आणि तिला घरी पाठवलं. त्या परत आलेल्या मुलासाठी जागा करायला दुसऱ्या आठवड्यात एका अशा मुलीला काढलं जी तोवर एकदाही मतांत खाली आली नव्हती. तिने धाकटीला रडत फोन केला आणि विचारलं की आता आपण दोघी एकत्र परत जाऊ का. धाकटीने तिला होकार दिला, अगदी समजुतीच्या आवाजात.

या वेळी तिने शेवभाजी मागितली नाही. रडलीही नाही. रडायचं कशाला, अजून संपलं कुठे होतं? फायनलच्या आधी सरप्राइज आलं नाही. फायनल झाली, कुणीतरी जिंकलं. जूनमध्ये शाळेच्या बाईंनी मला फोन केला, कारण धाकटी त्यांना नीट उत्तर देत नव्हती. त्या म्हणाल्या की मी जितकं थांबता आलं तितकं थांबले, पण पोरींना शिकवायला कुणीतरी हवं ना. त्यांनी दुसरी बाई घेतली. त्यांचा आवाज दुःखी होता आणि त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. शाळेने तिला स्पष्ट नाही म्हटलं, आणि गेल्या सहा महिन्यांत तिच्याशी कुणी केलेलं तेच सगळ्यात माणुसकीचं वागणं होतं, असं मला वाटलं. मी धाकटीला सांगितलं. ती बरं म्हणाली आणि फोनला चार्जर लावला.

चौकातलं फ्लेक्स उन्हाने पिवळं पडलं, पण कुणी उतरवलं नाही. भाजीवाली, रिक्षावाला, पोस्टातला माणूस, सगळे तिला मायेने विचारायचे की ताई, परत कधी? हरलीस का, असं कुणी एकदा विचारलं असतं तर बरं झालं असतं. ती सगळ्यांना सांगायची की चाललंय बोलणं. आणि खरंच चाललं होतं. पावसाळ्याच्या सुरुवातीला नव्या पर्वाची जाहिरात आली, त्यात जुन्या स्पर्धकांना आणखी एक संधी मिळणार होती. तिने व्हिडिओ पाठवला. मग आणखी एक पाठवला. एकच गाणं ती खोलीत पुन्हा पुन्हा रेकॉर्ड करायची, आणि प्रत्येक वेळी पहिल्या ओळीला थांबून पुसून टाकायची. आई दारापाशी उभी राहून ऐकायची. एकदा मला म्हणाली की तिला आता पूर्ण गाणं येतच नाही की काय.

श्रावण आला. नागपंचमीनंतरच्या रविवारी भाऊबंद जमले. रोटाचा गहू फुईने स्वतः मुठींनी मोजला. आबांनी कापडाची गाठ सोडली आणि डोकं टेकून बराच वेळ तसेच राहिले. काय म्हणाले ते आम्ही विचारलं नाही. कानबाई बसली. दिवे लागले, बायका दाटीवाटीने बसल्या, आणि दरवर्षीसारखी सगळ्यांची तोंडं धाकटीकडे वळली. मी मनात म्हणत होते की हे एक तरी राहू दे. बाकी गेलं तर गेलं, नोकरी गेली, वर्ष गेलं, पण हे तिचं आहे, हे कुणी दिलेलं नाही आणि कुणाला काढून घेता येणार नाही.

धाकटीने डोळे मिटले आणि पहिली ओळ उचलली. आवाज तोच होता. आईने माझा हात धरला. बायकांनी ओळ झेलण्यासाठी श्वास घेतला, तेवढ्यात ती थांबली. तिने डोळे उघडले आणि समोरच्या भिंतीकडे पाहिलं, जिथे फाल्गुनात कॅमेऱ्याची तिकाटी उभी होती.

"परत म्हणू?" तिने विचारलं.

एका लहान पोराला हसू आलं आणि त्याच्या आईने त्याला दाबलं. फुई गुडघ्यांवर हात टेकत उठली, तिच्याजवळ जाऊन बसली आणि तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून पाटाकडे वळवला.

"नको माय," फुई म्हणाली. "तू म्हनी टाकं. मायनी आयकी लिधं."

धाकटीने मान हलवली. पण आपलं म्हणून झालं, कानबाईने ऐकलं, यावर तिचा विश्वास बसला नव्हता, ते सगळ्यांना दिसलं. ती थोडा वेळ फुईच्या हातात तशीच बसली, मग हळूच चेहरा सोडवून पुन्हा भिंतीकडे बघायला लागली. फुईने आपल्या फुटक्या आवाजात पहिली ओळ उचलली, बायकांनी ती झेलली, आणि बाकीची गाणी तिच्याशिवाय झाली.